दोन हातांची तार

१९६२ सालच्या पोळ्यानंतरच्या सोमवारी भीमराज मुनेश्वर नागपूरहून परतला तो पायी. यवतमाळच्या बसस्टँडपासून कापसाच्या जिनाच्या चाळीपर्यंत तो चालत आला, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून. इंदूबाई खोलीच्या दारात बसून सुपात तुरीची डाळ घोळत होती. तिने आधी नवऱ्याचे धुळीने भरलेले पाय पाहिले, मग त्याच्यामागचा रिकामा रस्ता.

"सायकल कुठं हाय?"

"आत चाल. सांगतो."

"इथंच सांगा. दुरुस्तीले टाकली म्हणून सांगून गेलते ना तुमी? सायकल नाई हे साऱ्या चाळीनं पाह्यलं. आता मीच काय ते आत जाऊन आयकू?"

भीमराजने तिथेच ओट्यावर बसून चादर सोडली. आत पिवळट लाकडाची एक गिटार होती. पोटाशी एक बारीक तडा गेलेला, सहांपैकी दोन तारा गंजलेल्या. अजनीच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर देश सोडून चालला होता आणि घरातलं सामान विकत होता. जिनाच्या मिस्त्रीने ती बातमी आणली, आणि भीमराजने कुणालाही न विचारता सायकल विकून टाकली होती.

इंदूबाईने सूप खाली ठेवलं. ठेवलं म्हणण्यापेक्षा आपटलं. डाळ ओट्यावर पसरली.

"वाजवाचं हाय? तुमाले? वाजवाचं?"

ती शिव्या देणारी बाई नव्हती. पण 'वाजवायचं' हा शब्दच तिने असा उच्चारला की शेजारच्या खोलीतल्या बाईने डोकं बाहेर काढलं होतं ते आत घेतलं.

त्या रागाला कारण होतं. मुनेश्वरांचं गाव राळेगावच्या अलीकडे, वर्धेच्या रस्त्याला. गावात कुणाचं लग्न असो, कुणाची मयत असो, पोळ्याची बैलं निघोत की देवीचा भंडारा असो, पुढे दफडं वाजवत चालायचं ते भीमराजच्या बापाने, उकंडाने. त्याच्या आधी उकंडाच्या बापाने. लग्नात मांडवाच्या आत पाय ठेवायचा नाही. मांडवाबाहेर, जिथे पाहुणे जोडे काढतात तिथे, लिंबाखाली बसायचं. हाक आली की उभं राहून वाजवायचं, पंगत उठली की उरलेलं पदरात घ्यायचं. इंदूबाई लग्न होऊन आली ती या घरात. नव्या नवरीने पहिल्या आठवड्यात सासऱ्यासोबत जाऊन मांडवाबाहेरून जेवण आणलं होतं. ती गोष्ट ती कधी बोलली नाही आणि कधी विसरलीही नाही.

मग छप्पन साल आलं. वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि आठ दिवसांनी वस्तीने एकत्र बसून ठरवलं की यापुढे आपल्यातलं कुणीही कुणाच्या दाराशी वाजवणार नाही. उकंडा त्या बैठकीतून उठला, घरी आला, खुंटीवरचं दफडं काढलं आणि विळ्याने त्याचं चामडं उभं फाडलं. तोंडातून एक शब्द काढला नाही. लाकडाचं कडं इंदूबाईने चुलीत घातलं आणि त्या जाळावर वरण शिजवलं. वरण चांगलं झालं होतं, असं ती पुढे सांगायची.

गावाने त्याचं उट्टं काढलं. कुणी मजुरीला बोलावेना, दुकानदार मीठ देईना. वर्षभरात मुनेश्वर यवतमाळला आले. भीमराज जिनात वायरमनच्या हाताखाली लागला, चांगला शिकला, दोन वर्षांत स्वतः वायरमन झाला. इंदूबाईने हाताने फिरवायचं शिलाई मशीन घेतलं. म्हातारा उकंडा ओट्यावर बसून असायचा. त्याची बोटं मात्र गुडघ्यावर सारखी चालत.

आणि आता त्याच घरात हा माणूस वाद्य घेऊन आला होता.

"तू पुरं आयकून तं घे," भीमराज म्हणाला. "मांगच्या साली टाऊन हॉलात तो ऑर्केस्ट्रा आलता, आठवते? स्टेजवरची लाइटिंग मीच केलती. तिथं एक माणूस होता. सूट-बूट. खुर्चीवर बसून. मांडीवर हे आडवं, अन् हातात लोखंडाची कांडी. बाजूच्या विजेच्या पेटीतून असा आवाज निघे की जसं कोणी गाऊन राह्यलं. अन् खाली सतरंजीवर कोण? मामलेदार. डाक्टर. वकील. सारे खाली, अन् वाजवणारा वर."

"मंग?"

"मंग काय! याच्यावर आपल्यातला कोणी कोणाच्या दारात उभा राह्यला नाई. हे उभं राहून वाजवताच येत नाई वं. हे वाजवाले खुर्चीवर बसाच लागते."

उकंडा ओट्याच्या कडेला बसून ऐकत होता. त्याने हात लांब करून गिटारीच्या पोटावर टिचकी मारली, कान लावला.

"चामडं नाई?"

"नाई बाबा. लाकूड हाय."

"मंग शेकाव लागत नाई," म्हातारा म्हणाला. पावसाळ्यात दफडं वाजवण्याआधी जाळावर धरून तापवावं लागे, त्यात त्याची बोटं कितीदा पोळली होती. "बरं हाय."

इंदूबाईने ओट्यावरची डाळ एकेक करून गोळा केली. मग नवऱ्यापुढे उभी राहिली.

"एक गोष्ट आयकून ठेवा. ज्या दिवशी तुमी हे घेऊन कोणाच्या मांडवाबाहीर बसान, त्या दिवशी याचं बी तेच होईन जे दफड्याचं झालं. चूल माही हाय."

"नाई बसणार."

"मामाजीच्या पायावर हात ठेवून बोला."

भीमराजने बापाच्या पायाला हात लावला आणि तसं म्हटलं.

गिटार घरात राहिली खरी, पण तिचा आवाज खोलीच्या बाहेर पोचत नव्हता. भीमराजने तारांखाली लोखंडाची पट्टी घालून त्या उंच केल्या, जिनाच्या जुन्या मशीनमधली एक गुळगुळीत पिन घासून कांडी केली. ड्यूटीवरून आला की लाकडी खोक्यावर बसून ती कांडी तारांवर सरकवत राही. आधी महिनाभर मांजर दारात अडकल्यासारखा आवाज निघे. मग हळूहळू सूर धरू लागले. पण चार माणसांत बसलं की काही ऐकूच येत नसे. तिला वीज लागणार होती.

बाजारात देवीलालचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. देवीलालचे आजोबा उत्तरेकडून आलेले, आणि त्याच्या बोलण्यात हिंदी-मराठी अशी मिसळलेली असे की त्यालाही वेगळी करता आली नसती. त्याने मिलिटरीच्या जुन्या हेडफोनमधलं चुंबक आणि बारीक तारेची गुंडाळी काढून गिटारीच्या तारांखाली चिकटवली. तिथून निघालेली वायर रेडिओच्या मागे, ग्रामोफोन जोडायची जी दोन भोकं असतात, त्यात खुपसायची. गिटारीचा आवाज रेडिओतून निघाला पाहिजे.

निघाला. पण आवाजापेक्षा गुंगुं मोठी.

"नयी चीज आहे भाऊ," देवीलाल म्हणाला. "चालता चालता सुधरून जाईल."

ती सुधारली नाही. १४ एप्रिल १९६३, रविवार. चाळीजवळच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता, गावाकडची माणसंही आली होती. बाबासाहेबांवरची गाणी म्हणणारं मंडळ होतं, पेटी-ढोलकी होती, आणि भाड्याचा लाउडस्पीकर होता. भीमराजने गिटार लाउडस्पीकरच्या मशीनला जोडली आणि कर्ण्यातून जो भोंगा निघाला त्याने समोरची पोरं कानात बोटं घालून नाचू लागली.

"ए भीमराज! जिनाची पाळी सुटली काय?"

"अरे, हे तं उकंडाबुवाचंच दफडं. फक्त पोट सुजलं!"

"दफडं बरं होतं रे बाप्पा. त्याचा आवाज तरी येत होता!"

लोक हसले. भीमराजने वायर काढली, गिटार मांडीवर पालथी ठेवली आणि कार्यक्रम संपेपर्यंत तसाच खुर्चीवर बसून राहिला. उकंडा पुढच्याच ओळीत होता. त्याची बोटं गुडघ्यावर थांबली होती.

इंदूबाईच्या डोक्यात त्या दिवशी राग जागा बदलून बसला. आठ महिने ती गिटारीला नावं ठेवत होती. पण तिने ठेवणं वेगळं. आपल्याच माणसांनी, ज्यांच्या शब्दाखातर तिच्या सासऱ्याने दफडं फाडलं होतं त्यांनीच, पुन्हा दफड्याचंच नाव काढून हसावं?

दुसऱ्या दिवशी ती सकाळी सकाळी देवीलालच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"आवाज काहून येत नाई? सुधरून जाईन म्हणू नका. काहून येत नाई ते सांगा."

देवीलालने गडबडून हातातलं काम ठेवलं. "भाभी, उस में काय आहे, गुंडाळी छोटी आहे. ज्यादा फेरे पाहिजेत. केसाएवढी तार, अन् हजारो फेरे. ते हाथ से होत नाही. नागपूरला पाठवावं लागतं, अन् नागपूरवाला कब देईल, सांगता येत नाही."

"चाक फिरवून होते काय?"

"कसलं चाक?"

"माह्या मशीनवर बॉबिन भराचं चाक हाय. दोरा लावला तर भरभर गुंडाळते. दोऱ्याच्या जागी तार लावली तं?"

देवीलालने फळीवरचा डबा उपसला. मग त्याने जळालेल्या ट्रान्सफॉर्मरमधून सोडवलेली तांब्याची तार काढून दिली. ती इतकी बारीक होती की उजेडाला धरली तरच दिसे.

चुंबक कुठून आणायचं हा प्रश्न भीमराजने सोडवला. सायकल विकताना घेणाऱ्याला डायनॅमो नको होता, म्हणून तो घरीच पडून होता. त्याने डायनॅमो फोडून आतलं चुंबक काढलं.

"चला," इंदूबाई म्हणाली, "सायकलचा एवढा तरी जीव घरात राह्यला."

तार गुंडाळायला चार दिवस लागले. श्वास जोरात सोडला तरी ती तुटे. पहिल्यांदा तुटली तेव्हा इंदूबाईने देवीलालला बोल लावला, दुसऱ्यांदा भीमराजला, तिसऱ्यांदा त्या देश सोडून गेलेल्या ड्रायव्हरला. चौथ्यांदा तुटली तेव्हा बोल लावायला कुणी उरलं नव्हतं. मशीनपासून उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि परत येऊन पहिल्यापासून सुरू केलं. मशीनचं हँडल एका हाताने फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडायची, आणि मनात फेरे मोजायचे. कुणी मधे बोललं की मोजणी चुके, म्हणून त्या चार दिवसांत घरात कुणी बोललंच नाही. उकंडासुद्धा खोकायला बाहेर जाई.

गुंडाळी बसवली आणि देवीलालच्या दुकानात रेडिओला जोडली. भीमराजने कांडी तारेवर ठेवली आणि हलकेच सरकवली. रस्त्यावरून जाणारा एक टांगेवाला टांगा थांबवून पाहू लागला.

देवीलालने दोन्ही हात जोडले, ते भीमराजला नव्हे. "भाभी, तुम्ही माझ्या दुकानात बसा. मी घरी जाऊन भाकरी करतो."

एक अडचण मात्र राहिली. वायर दोन हातांपेक्षा लांब केली की पुन्हा गुंगुं सुरू होई. दोन हात म्हणजे दोनच हात. म्हणजे वाजवणाऱ्याने रेडिओला अगदी खेटून बसायचं.

आणि त्या काळी रेडिओ कुठे असे? यवतमाळात ज्यांच्याकडे होता त्यांच्या बैठकीत, भिंतीतल्या फळीवर, भरतकाम केलेल्या झाकणाखाली. घरातली सगळ्यात मानाची जागा.

त्यामुळे असं झालं की कुणाचं बारसं, कुणाची साखरपुड्याची बैठक, कुणाच्या मुलाचा वाढदिवस असला आणि भीमराजला बोलावणं आलं, की त्याला बैठकीतच बसवावं लागे. दुसरा इलाजच नव्हता. खुर्ची रेडिओजवळ ओढावी लागे. आणि एकदा माणूस बैठकीत खुर्चीवर बसला की त्याला 'अरे भीमराज' म्हणणं जड जाई. लोक 'गिटारमास्तर' म्हणू लागले, 'अहो-जाहो' करू लागले. काहींच्या तोंडावर ते नाइलाजाचं दिसे. इंदूबाईला तो नाइलाज पाहायला फार आवडे. म्हणूनच ती कधीकधी सोबत जाई.

घरी आल्यावर उकंडा एकच प्रश्न विचारी.

"कुठं बसला?"

"आत, बाबा. बैठकीत."

"खुर्चीवर?"

"खुर्चीवर."

मग म्हातारा कूस बदलून झोपी जाई. काय वाजवलं, लोकांना आवडलं का, हे त्याने कधी विचारलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. १९६५च्या चैत्रात कापसाच्या एका बड्या अडत्याच्या घरी लग्न निघालं. त्याची बायको विमलताई महिला मंडळाची अध्यक्ष होती. भाषणं करी, वस्तीत येऊन बायकांना स्वच्छतेवर सांगे, आणि मंडळाचं सगळं शिवणकाम इंदूबाईला देई. मुलीच्या लग्नाचे ब्लाउज इंदूबाईच शिवत होती. गिटारीचं आमंत्रणही आलं. लग्न ९ मे, रविवार, गोरजमुहूर्तावर.

आमंत्रण द्यायला भीमराजला घरी बोलावून विमलताईने सहज विचारलं होतं, "तुमची ती वायर फारच आखूड आहे हो मास्तर. लांब नाही का करता येत? मांडव केवढा मोठा आहे!"

भीमराजला वाटलं, बाईला आवाजाची कळकळ आहे. तो देवीलालकडे गेला. देवीलाल म्हणाला, "मायक्रोफोनची तार लाव. वरून तांब्याची जाळी विणलेली असते. कितीही लांब कर, गुंगुं नाही." भीमराजने तीन रविवार देवीलालच्या दुकानाचं नवं वायरिंग करून दिलं आणि बदल्यात ती तार घेतली. वीस हात. त्याने ती गिटारीला जोडली, वाजवून पाहिली, आणि आवाज पहिल्यापेक्षाही साफ निघाला.

"आता कुठंबी बसता येते!" तो इंदूबाईला म्हणाला. विमलताईने काय विचारलं होतं ते त्याने सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी भीमराज दुपारीच गेला. नवरीचा एक ब्लाउज बगलेत घट्ट होत होता म्हणून इंदूबाईलाही निरोप आला. ती कापडाच्या पिशवीत कात्री, सुई-दोरा घेऊन निघाली. मागच्या दाराने आत गेली, ब्लाउज उसवून सैल केला, नवरीच्या पाठीवर घालून पाहिला. मग नवरा कुठे बसलाय ते पाहायला बैठकीत डोकावली.

रेडिओ फळीवर होता. मागे तार लावलेली होती. खुर्ची नव्हती.

तार फळीवरून खाली येऊन खिडकीतून बाहेर गेली होती. इंदूबाई तिच्या मागे मागे गेली. ओट्यावरून, मांडवाच्या कडेने, कनातीच्या खालून. कनातीच्या पलीकडे लिंबाचं झाड होतं. झाडाखाली ब्रास बँडवाली पोरं आपापली पितळी वाद्यं पुसत होती, जोड्यांचा ढीग पडला होता, आणि ढिगाशेजारी एक पोतं अंथरलेलं होतं. पोत्याशेजारी भीमराज गिटार छातीशी धरून उभा होता.

"हे काय?"

भीमराजने मान वर केली नाही. "म्हणे खुर्च्या पावण्याईले पुरून नाई राह्यल्या."

"अन् तुमी आयकलं?"

"तासाभराचं तं काम हाय. तिकडून आवाज चांगला येते. आत रेडिओतूनच—"

"आवाज आत जाते. अन् तुमी?"

इंदूबाईने त्याच्या छातीशी धरलेली गिटार पाहिली, खाली वेटोळं घालून पडलेली ती नवी चकचकीत तार पाहिली, आणि सगळं एका झटक्यात तिच्या ध्यानात आलं. दोन वर्षं त्याला बैठकीत कुणी बसवलं नव्हतं. दोन हातांच्या तारेने बसवलं होतं.

तेवढ्यात विमलताई लगबगीने आली. शालू, नथ, हातात अक्षतांचं ताट.

"अगं इंदू, इथे काय करतेस? आत नवरीची वेणी व्हायचीय. आणि भीमराज, तू सुरू कर बघू, वरात चौकात आली."

मागच्या बारशातलं 'मास्तर' आज गळालं ते इंदूबाईने ऐकलं.

"ताई, खुर्ची नाई काय?"

"अगं, पाहुण्यांनाच पुरत नाहीयेत. एक दिवस बसला पोत्यावर तर काय बिघडतं? आपण सगळे सारखेच नाही का?"

"मंग आत बसवा ना सारख्यांत. मागच्या बारशाले बसलेच होते रेडिओपाशी."

"तेव्हा वायर पुरत नव्हती म्हणून." विमलताईचा आवाज अजून गोडच होता. "आता लांब केलीय ना त्याने? मीच सांगितलं होतं करायला. नवरदेवाकडचे लोक जुन्या वळणाचे आहेत गं, त्यांच्या नजरेत कशाला? उगाच तमाशा नको."

इंदूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "यांनी सांगितलं व्हतं?"

"सांगितलं व्हतं," भीमराज म्हणाला. "मले वाटलं, आवाजासाठी."

इंदूबाई तारेपाशी वाकली. तिने पिशवीतून कात्री काढली, शिवणकामाची, लांब पात्यांची. गिटारीपासून हाताने मापलं, कोपरापासून बोटापर्यंत एकदा, दोनदा, आणि तिथे कात्री लावली. तांब्याची जाळी एका दाबात तुटली नाही. तिने दात आवळून दुसऱ्यांदा दाबलं. तिसऱ्या वेळी कट्‌ आवाज झाला. आतल्या बैठकीत रेडिओतून एक मोठी फुर्र निघाली, आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, बंद करा ते!"

बँडवाली पोरं पुसणं थांबवून पाहत होती.

"आता पुन्हा दोन हात झाली, ताई," इंदूबाई म्हणाली. "एक तं रेडिओ या लिंबाखाली आणून ठेवा, नाई तं माह्या माणसाले आत खुर्ची द्या. तुमीच सांगा."

विमलताईचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "माणसाने उपकार तरी ओळखावेत. बँड आहे आमच्याकडे. जा तुम्ही."

"चाललो. ब्लाउजच्या बगला सोडल्या हाय, सांगा नवरीले. आता टोचणार नाई."

दोघं निघाली. पुढे भीमराज गिटार घेऊन, मागे इंदूबाई. मागे वाजंत्री सुरू झाली. बाजारापर्यंत भीमराज झपझप चालत राहिला. मग भीमराज एकदम थांबला.

"माही तार व्हती ते. तीन रविवार गेलते माहे."

"व्हय. अन् गुंडाळी माही व्हती. चार दिवस."

"चार लोकांत तमाशा केला तू! मी बसलो नव्हतो अजून. उभाच होतो."

"बसणार व्हते."

"नव्हतो."

"मामाजीच्या पायावर हात ठेवून बोलान?"

भीमराज पुढे चालू लागला. पायावर हात ठेवून त्याला तसं बोलता आलं नसतं, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला होता.

उकंडा ओट्यावर वाट पाहत बसला होता. इतक्या लवकर परतलेले पाहून त्याने डोळे बारीक केले.

"कुठं बसला?"

भीमराज आत निघून गेला. इंदूबाईने पिशवी खाली ठेवली.

"बसला नाई, मामाजी."

"काहून?"

"खुर्ची नव्हती. लिंबाखाली पोतं होतं."

म्हातारा सरसावून बसला. मग म्हणाला, "जोडे होते तिथं?"

"होते."

त्याने मान हलवली. "तिथं लिंबोळ्या पडते. डोकशावर." आणि आयुष्यात पहिल्यांदा, तिच्या देखत, तो त्या जागेबद्दल रागाने थुंकला.

विमलताईने महिला मंडळाचं शिवण काढून घेतलं. ते घर, आणि तिच्या ओळखीची आणखी तीन घरं बंद झाली. भीमराज आठ दिवस बायकोशी बोलला नाही. तार कापताना इंदूबाईच्या कात्रीच्या पात्याला खाच पडली होती. पुढे कितीही धार लावली तरी प्रत्येक कापडावर त्या जागी दोरा अडके, आणि अडकला की तिचा राग नव्याने उसळे, कापडावर नव्हे, त्या पोत्यावर.

नवव्या दिवशी भीमराज दुसऱ्याच कुणाच्या हाती अडत्याच्या घरून उरलेली तार मागवून घेऊन देवीलालकडे गेला. देवीलालने दोन्ही टोकं हातात घेतली. "जोड देऊ भाऊ? ऐसी जोडतो की पता नाही चालणार."

"नाई," भीमराज म्हणाला. "दोन हातच राहू दे. टोकाले फक्त पिन बसव."

उरलेली अठरा हात तार त्याने घरी आणून चाळीच्या दोन खांबांना बांधली. कापडं वाळवायला. बायकोला तोंडाने काही सांगितलं नाही. इंदूबाईने दुसऱ्या दिवशी त्यावर सासऱ्याचं धोतर टाकलं.

१९६८ साली भीमराजने देवीलालच्या मदतीने स्वतःची पेटी केली. आत मशीन, पुढे कर्णा, कुणाच्या रेडिओची गरज उरली नाही. उकंडा ती ऐकायला नव्हता. नव्या पेटीसोबत देवीलालने नवी लांब वायर दिली. भीमराजने ती घरी आणली, इंदूबाईच्या हातात दिली, आणि ती दोन हात मापून खाच पडलेली कात्री लावायला लागली तेव्हा वायरचं दुसरं टोक त्याने धरलं.

नंतरही घरोघरी यजमान विचारत, "मास्तर, वायर जरा लांब नाही का? तिकडे कोपऱ्यात बसलं असतं तर बरं."

भीमराज पेटी बैठकीच्या मध्यावर ठेवी, खुर्ची ओढून घेई, बसे, आणि मगच उत्तर देई.

"नाई जी. एवढीच येते."